कायरोप्रॅक्टरची नोंदणी, ३० तासांचं सीपीडी आणि पाटीवरचं नाव

विचारणारे पुण्याचे फिजिओथेरपिस्ट आहेत. बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) झालंय, एका खासगी क्लिनिकमध्ये नोकरी करतात, मध्यंतरी शनिवार-रविवारचे वर्ग करून कायरोप्रॅक्टिकचं (मणका आणि सांधे हातांनी हलवून करायच्या उपचाराचं) सर्टिफिकेट घेतलंय. आता ब्रिटनला यायचं मनात आहे. त्यांचे प्रश्न तीन. या सर्टिफिकेटवर इथे कायरोप्रॅक्टर म्हणून काम करता येईल का? दरवर्षी ३० तासांचं सीपीडी, म्हणजे काम करता करता चालू ठेवायचं व्यावसायिक शिक्षण, लागतं असं ऐकलंय, ते ऑनलाइन उरकता येतं का? आणि एवढ्या नियमांचा रुग्णाला खरंच काही उपयोग होतो की सगळा कागदी घोडा?

मी मूळची नाशिकची. शिकले बोर्नमथला, आणि बरीच वर्षं इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये प्रॅक्टिस करते. मला जे माहीत आहे ते ब्रिटनचं, त्यामुळे उत्तरही तिथलंच देते. भारताबद्दल शेवटी थोडं.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. त्या सर्टिफिकेटवर नोंदणी होणार नाही, आणि नोंदणी नसताना पाटीवर, व्हिजिटिंग कार्डावर किंवा इन्स्टाग्रामच्या बायोत स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवलंत तर तो फौजदारी गुन्हा आहे. १९९४ च्या कायरोप्रॅक्टर्स अ‍ॅक्टच्या कलम ३२ मध्ये हे स्पष्ट आहे. 'कायरोप्रॅक्टिक प्रॅक्टिशनर', 'कायरोप्रॅक्टिक फिजिशियन' अशी आडवळणाची नावंही त्यात धरलेली आहेत, आणि सरळ न म्हणता नुसतं सुचवलंत तरी चालत नाही. त्यामुळे 'मी कुठे कायरोप्रॅक्टर म्हणालो, मी तर कायरो टेक्निक करतो' या पळवाटेवर भिस्त ठेवू नका.

पण निराश व्हायचं कारण नाही. तुमची खरी पुंजी बीपीटी आहे. ब्रिटनमध्ये फिजिओथेरपिस्टची नोंदणी हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे, म्हणजे एचसीपीसीकडे होते, परदेशी पदवीधरांसाठी तिथे रीतसर मार्ग आहे, आणि नोंदणीकृत फिजिओ आपल्या प्रशिक्षणाच्या आवाक्यात मणक्याचं मॅनिप्युलेशन, म्हणजे सांध्याला हातांनी झटका देणं, करू शकतो. कायरोप्रॅक्टरचीच पाटी हवी असेल तर मात्र जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलने (कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणारी परिषद, आम्ही जीसीसी म्हणतो) मान्य केलेला अभ्यासक्रम करावा लागेल. पूर्णवेळ केला तर साधारण चार वर्षांचा मास्टर्स, आणि शेवटचं वर्ष बहुतांश कॉलेजच्या क्लिनिकमध्ये, देखरेखीखाली खरे रुग्ण तपासत. परदेशात पूर्ण कायरोप्रॅक्टिक पदवी घेतलेल्यांसाठी टेस्ट ऑफ कॉम्पिटन्स नावाची वेगळी परीक्षा आहे. ती वीकेंड सर्टिफिकेटवाल्यांसाठी नाही.

हा केवळ ब्रिटिशांचा ताठा आहे असं वाटत असेल तर जागतिक आरोग्य संघटनेची २००५ ची मार्गदर्शक तत्त्वं पाहा. आरोग्यक्षेत्राची पार्श्वभूमी नसलेल्याला कायरोप्रॅक्टर व्हायचं तर ४,२०० तासांपेक्षा कमी शिक्षण नको, त्यातले किमान १,००० तास देखरेखीखालच्या क्लिनिकचे. आधीच डॉक्टर किंवा तत्सम आरोग्य व्यावसायिक असाल तर थोडी सूट: २,२०० तास. पण क्लिनिकचे १,००० तास तिथेही सुटत नाहीत. तुम्ही दुसऱ्या गटात बसाल असं धरलं तरी तुमच्या कोर्सचे एकूण तास मोजा आणि त्यातले रुग्णाच्या अंगावर हात ठेवून, मागे शिक्षक उभा असताना झालेले तास वेगळे काढा. फरक किती आहे ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

आता कायद्याकडे. इथली मेख समजली की सीपीडीचा प्रश्न आपोआप सुटतो.

कायरोप्रॅक्टिक जन्मल्यापासून परवान्याशी भांडत आलंय. डॅनियल डेव्हिड पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेत आयोवातल्या डॅव्हनपोर्टमध्ये याची सुरुवात केली आणि १९०६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल ते तुरुंगातही गेले. त्यानंतर अमेरिकेत एकेका राज्याने परवाना पद्धत आणली. कॅन्ससने १९१३ मध्ये कायदा केला, आणि शेवटचं राज्य लुइझियाना, १९७४ मध्ये. ब्रिटनमध्ये हा कायदा १९९४ मध्ये झाला. जीसीसीचं रजिस्टर १९९९ मध्ये उघडलं, आधीपासून काम करणाऱ्यांना आत येण्यासाठी दोन वर्षं दिली गेली आणि जून २००१ पासून नाव राखीव झालं. आज रजिस्टरवर साडेतीन हजारांहून अधिक लोक आहेत. डॉक्टर-नर्सच्या तुलनेत हा चिमूटभर व्यवसाय.

लक्षात घ्या, राखीव झालं ते नाव. काम नाही. ब्रिटनमध्ये उद्या एखाद्याने 'स्पायनल थेरपिस्ट' अशी पाटी लावून लोकांच्या माना मोडायला सुरुवात केली, तर केवळ तेवढ्यासाठी जीसीसी त्याचं काही वाकडं करू शकत नाही. कॅनडात ऑन्टारियोने १९९१ च्या कायद्यात वेगळी वाट धरली. मणक्याचा सांधा त्याच्या नेहमीच्या हालचालीपलीकडे झटक्याने हलवणं, ही कृतीच तिथे राखीव आहे आणि ठरावीक व्यवसायांनाच करता येते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कायद्यात कलम १२३ नुसार मानेच्या मणक्याचं मॅनिप्युलेशन कायरोप्रॅक्टर, ऑस्टिओपॅथ (हेही हातांनीच उपचार करणारे, पण वेगळा व्यवसाय), डॉक्टर आणि फिजिओ यांच्याशिवाय कुणी करायचं नाही. माझ्या मते ऑस्ट्रेलियाची रचना जास्त शहाणपणाची. धोका पाटीत नसतो, मानेत असतो. ब्रिटिश कायदा रुग्णाला एवढंच सांगतो की पाटीवर हे नाव असेल तर मागे कुणीतरी जबाबदार आहे. त्या जबाबदारीला अर्थ आणायचं काम परिषदेची आचारसंहिता, तक्रारव्यवस्था आणि सीपीडी या तिघांवर येऊन पडतं.

नोंदणीसाठी काय लागतं ते पटकन सांगते: मान्य पदवी, चारित्र्याचा दाखला, प्रकृतीचा दाखला, व्यावसायिक विमा, फी. प्रॅक्टिस करणाऱ्याची वार्षिक फी बरीच वर्षं ८०० पौंड होती, ताजा आकडा परिषदेच्या साइटवर पाहा. महाग आहे, कारण रजिस्टरवरची डोकी कमी आणि चौकशा-सुनावण्यांचा खर्च तोच. यावर आमच्यात दरवर्षी कुरकुर होते आणि दरवर्षी सगळे मुकाट्याने पैसे भरतात.

आता दुसरा प्रश्न, सीपीडीचा. वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट. ३० तास, त्यातले किमान निम्मे इतरांसोबत शिकण्याचे. वर्ष संपलं की परिषदेच्या पोर्टलवर गोषवारा भरायचा, आणि काही जणांच्या नोंदी तपासणीसाठी निवडल्या जातात. अलीकडे परिषद एखादा विषय ठरवून देते आणि सगळ्यांनी त्यावर स्वतःच्या कामाच्या अंगाने विचार करून लिहायचं असतं. विषय कुठला निवडायचा, कोर्स कुणाचा करायचा, यावर फारसं बंधन नाही. मोकळीक भरपूर आहे, आणि खोटही तिथेच आहे.

ऑनलाइन भागतं का? पहिले १५ तास, हो. रेकॉर्ड केलेली व्याख्यानं, शोधनिबंध, पॉडकास्ट, काहीही चालतं, फक्त त्यातून काय घेतलं आणि कामात काय बदललं ते लिहायचं. उरलेल्या १५ तासांत समोर माणूस लागतो. लाइव्ह ऑनलाइन चर्चा चालेल, पण एकट्याने व्हिडिओ पाहून 'इतरांसोबत' म्हणता येत नाही. आणि मला विचाराल तर पहिले १५ तास कुणी नीट केले नाहीत तरी फारसं बिघडत नाही. वाचणारा माणूस वाचतोच, न वाचणाऱ्याकडून पोर्टल वाचून घेऊ शकत नाही. बाकीच्या १५ तासांवर मात्र सगळं ठरतं.

का, ते सांगते. कायरोप्रॅक्टर बहुधा एकटा काम करतो. हॉस्पिटलच्या वॉर्डात असते तशी राउंड नाही, वरिष्ठ नाहीत, शेजारच्या टेबलावरून कुणी 'अरे, हे काय करतोस?' म्हणत नाही. दार बंद, रुग्ण आणि तुम्ही. पाच-सात वर्षांत हाताला एक वळण लागतं आणि ते बरोबर आहे की नाही हे सांगणारं कुणीच नसतं. रुग्णांवरही विसंबता येत नाही. पाठदुखीचा बराचसा भाग आपला आपणच बरा होतो आणि श्रेय आपल्याला मिळतं. ज्यांना बरं वाटत नाही ते पुढची अपॉइंटमेंटच घेत नाहीत, त्यामुळे अपयश डोळ्यांसमोर येतच नाही. अशा व्यवसायात अनुभव वाढतो तसा आत्मविश्वास वाढतो. कौशल्य वाढेलच असं नाही.

माझ्या गटाची एक बैठक सांगते. आम्ही चौघं, तिघं कायरोप्रॅक्टर आणि एक ऑस्टिओपॅथ, कामं आटोपल्यावर एकाच्या क्लिनिकमध्ये जमतो. नियम एकच: प्रत्येकाने एक केस आणायची, नाव-गाव काढून, आणि नोट जशी लिहिली तशीच वाचायची. त्या संध्याकाळी एका सहकाऱ्याने आणलेली केस: चाळिशीच्या आतबाहेरचा टॅक्सी ड्रायव्हर, दोन दिवसांपासून मानेच्या एका बाजूला दुखतंय, त्याच बाजूला डोकं दुखतंय, आणि त्याचं एक वाक्य, 'असं पूर्वी कधी दुखलं नव्हतं.' सहकाऱ्याने मानेला हात लावला नाही. रक्तदाब घेतला, डोळ्यांच्या पापण्या आणि बाहुल्या पाहिल्या, चेहऱ्याच्या संवेदना तपासल्या आणि चिठ्ठी देऊन थेट इमर्जन्सीला पाठवलं. निर्णय एकदम चोख. मानेतल्या रक्तवाहिनीच्या आतल्या थराला चीर गेली असेल तर पहिली लक्षणं बहुधा हीच असतात, मानदुखी आणि डोकेदुखी. म्हणून असा माणूस आधी न्यूरोलॉजिस्टकडे न जाता आमच्याकडे येतो. तिथे मान फिरवणं म्हणजे जुगार.

मग चर्चा कशावर झाली? नोटवर. त्यात लिहिलं होतं: 'मानदुखी, डोकेदुखी, रेफर केलं.' बस्स. पापणी पाहिली, बाहुली पाहिली, ती कशी दिसली, शंका कशाची आली, रुग्णाला काय सांगितलं, यातलं एकही अक्षर नव्हतं. ऑस्टिओपॅथ बाईंनी विचारलं, 'उद्या इमर्जन्सीच्या डॉक्टरने फोन करून विचारलं, तुम्ही पाहिलं तेव्हा पापणी कशी होती, तर काय सांगशील?' त्याला आठवत होतं, पण सहा महिन्यांनी आठवलं नसतं. आम्ही तिथेच बसून ती नोट नव्याने कशी लिहिता आली असती ते लिहून पाहिलं. मी माझ्या पहिल्या भेटीच्या फॉर्ममध्ये एक ओळ घातली: 'ही डोकेदुखी तुमच्या नेहमीच्या डोकेदुखीसारखी आहे का?' सीपीडीच्या नोंदीत हे दीड तास म्हणून गेलं. नुसत्या तासांकडे पाहिलं तर एखाद्या हॉटेलातल्या 'तुमची प्रॅक्टिस दुप्पट करा' छापाच्या सेमिनारचा दीड तास आणि हा दीड तास सारखाच दिसतो.

म्हणून तासांवर माझा विश्वास कमी. इथेच तीन परिषदांच्या तीन तऱ्हा आहेत. जीसीसीचे वर्षाला ३० तास. एचसीपीसी, जिथे तुम्ही फिजिओ म्हणून जाल, तास मोजतच नाही. तुमच्या शिकण्यात वैविध्य होतं का आणि त्याचा कामाला, रुग्णाला फायदा झाला का, हे पाहते, आणि दर दोन वर्षांनी प्रत्येक व्यवसायातल्या २.५ टक्के लोकांकडून सगळी कागदपत्रं मागवते. ऑस्टिओपॅथांची परिषद तीन वर्षांत ९० तास मागते, त्यात संवाद आणि संमती या विषयावर काहीतरी करावंच लागतं, आणि शेवटी एका समव्यावसायिकासमोर बसून तीन वर्षांच्या शिक्षणावर चर्चा करावी लागते. २०१८ पासून त्यांची ही पद्धत आहे. माझं मत विचाराल तर ऑस्टिओपॅथ आमच्या पुढे आहेत. समोर बसलेला माणूस आपलंच काम करणारा असतो, त्याला थापा मारता येत नाहीत.

संमतीचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडं थांबते, कारण भारतातून आलेल्यांना हाच भाग सगळ्यात अवघड जातो. २०१५ च्या माँटगोमेरी खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने मोजपट्टीच बदलली. डॉक्टरला काय सांगणं योग्य वाटतं ते गौण ठरलं. या रुग्णाच्या जागी असलेल्या समंजस माणसाला जो धोका महत्त्वाचा वाटेल, तो सांगायलाच हवा, आणि दुसरे पर्यायही सांगायला हवेत. खटला प्रसूतीचा होता, पण त्याचा नियम आमच्या टेबलापर्यंत येतो.

इथे मुलाकडे राहायला आलेल्या मराठी आजी-आजोबांना पाहते तेव्हा हे रोज कसाला लागतं. एक आजी आल्या, सांगलीच्या. मान अवघडलेली, हातात फोन, फोनवर रील. 'बाळा, हे बघ, हा माणूस टॉवेल लावून कशी खटकन ओढतो. तसंच एकदा मोडून दे, म्हणजे मोकळी होईल.' त्यांना ऑस्टिओपोरोसिसच्या गोळ्या सुरू होत्या. मी म्हटलं, 'आजी, तुमची हाडं ठिसूळ झालीत. झटका दिला तर मोकळी होण्याऐवजी मोडायची. आवाज येतो तो सांध्यातल्या वायूचा, त्याने काही जागेवर बसत नाही. मी स्नायू सैल करते, दोन व्यायाम देते, आणि दोन आठवड्यांत उतार पडला नाही तर तुमच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून देते. चालेल?' आजी थोड्या हिरमुसल्या. सुनेला म्हणाल्या, 'एवढे पैसे घेतले आणि आवाजसुद्धा काढला नाही.' ही नाराजी पचवता येणं, हेही आमच्या प्रशिक्षणात यायला हवं.

(आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाची लाथ मारून घेतात. त्यावर हसायचं कारण नाही. लाथ हलकी असते, फी नसते, आणि पुढची चोवीस सेशन्स कुणी विकत नाही.)

तिसरा प्रश्न: रुग्णाला उपयोग होतो का? अर्धा हो. हा अर्धा 'हो' कुठून आला हे समजायला २००८ मध्ये जावं लागेल. विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी गार्डियनमध्ये लेख लिहिला. बाळांचा पोटशूळ, झोपेच्या तक्रारी, कानाचा संसर्ग, दमा यांवर कायरोप्रॅक्टर इलाज करू शकतात असा ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनचा दावा होता, त्याला पुरावा नाही असं त्यांनी ठणकावून सांगितलं. असोसिएशनने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. एप्रिल २०१० मध्ये अपील न्यायालयाचा निकाल सिंग यांच्या बाजूने गेला आणि असोसिएशनने दावा मागे घेतला. दावा उलटा अंगाशी आला तो मात्र त्याआधीच. २००९ मध्ये काही जागरूक नागरिकांनी वेबसाइट चाळून ५०० हून अधिक कायरोप्रॅक्टरांविरुद्ध जीसीसीकडे जाहिरातीच्या तक्रारी दाखल केल्या. एका संघटनेने तर सदस्यांना तातडीने साइट्स उतरवायला सांगितलं होतं. आमच्या व्यवसायात पोटशूळ, दमा हे शब्द वेबसाइटवरून एका वर्षात जितके गायब झाले, तितके तोवरच्या सगळ्या उपदेशांनी झाले नसतील.

२०१० मध्येच परिषदेने स्वतः पुराव्यांचा आढावा करून घेतला. कंबरदुखी, काही प्रकारची मानदुखी आणि डोकेदुखी यांत मॅनिप्युलेशनला आधार सापडला. दमा, पोटशूळ यांत नाही. त्याच वर्षी परिषदेने जाहीर केलं की 'सबलक्सेशन', म्हणजे मणका सरकून नस दबते आणि त्यातून आजार होतात ही पामर यांची मूळ कल्पना, आता केवळ ऐतिहासिक संकल्पना म्हणून शिकवली जाते, आणि ती आजारांचं कारण आहे असा दावा करायला वैद्यकीय पुरावा नाही. तुमच्या सर्टिफिकेट कोर्समध्ये ती कशी शिकवली होती ते आठवा. आपल्याकडे रुग्ण आत येतानाच 'मणका सरकलाय' म्हणतो. मान डोलावणं सोपं असतं, आणि मान डोलावली की महिनोनमहिने 'मणका बसवण्याचं' पॅकेज विकता येतं. एनआयसीई या, इथल्या उपचारांसाठी शिफारशी ठरवणाऱ्या संस्थेची २०१६ ची कंबरदुखीवरची मार्गदर्शक तत्त्वं हातांनी करायच्या उपचारांचा विचार करायला सांगतात, पण व्यायामासह एकत्रित उपचाराचा भाग म्हणूनच. नुसतं टेबलावर झोपवून झटके देणं त्यात बसत नाही.

परिषदेकडे तक्रार आली तर ती आधी चौकशी समितीकडे आणि दम असेल तर व्यावसायिक वर्तणूक समितीकडे जाते. शिक्षा चार: ताकीद, अटींसह प्रॅक्टिस, निलंबन, रजिस्टरवरून नाव काढणं. सुनावण्या सहसा उघड होतात आणि निकाल साइटवर लागतात. नवख्यांना मी ते निकाल वाचायला सांगते. हाडं मोडल्याची प्रकरणं त्यात थोडी. जास्त दिसतात ती रुग्णाशी वागताना मर्यादा ओलांडल्याची, संमती न घेतल्याची, नोंदी नीट न ठेवल्याची आणि दिशाभूल करणाऱ्या दाव्यांची.

आणि उरलेला अर्धा 'नाही' कुठे? जिथे परिषद उशिरा जागी होते तिथे. उपचारादरम्यान मानेला इजा होऊन एका वृद्ध रुग्णाचा मृत्यू झाला होता. २०१९ च्या चौकशीनंतर कोरोनरने (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने) कायरोप्रॅक्टरांच्या प्रथमोपचार प्रशिक्षणाचा आणि उपचाराआधीच्या एक्स-रेसारख्या तपासण्यांचा मुद्दा जीसीसीपुढे मांडला. वय झालेल्या, काही आजारांत मणके एकमेकांना जोडून कडक झालेल्या पाठीचा कणा थोड्याशा जोरानेही मोडू शकतो, हे पुस्तकात पहिल्यापासून आहे. पण ३० तासांत कुणी काय शिकायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं असल्याने, ज्याला हे येत नाही तो नेमका याच विषयाला हात लावत नाही. सगळ्यांचा एक स्वभाव असतो: जे आवडतं, जे येतं, त्याचेच कोर्स करायचे. आमच्यात हाताच्या तंत्रांच्या वर्कशॉपला जागा मिळत नाही आणि क्ष-किरणांच्या नियमांवरच्या व्याख्यानाला खुर्च्या रिकाम्या. परिषदेने विषय ठरवून द्यायला सुरुवात केली ती योग्यच, मी तर म्हणेन अजून काही विषय सक्तीचे करावेत. आमच्यातल्या अनेकांना हे मत आवडत नाही.

ऑस्ट्रेलियात तान्ह्या मुलांच्या मणक्याच्या मॅनिप्युलेशनवरून काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. २०१९ मध्ये तिथल्या कायरोप्रॅक्टिक बोर्डाने दोन वर्षांखालच्या मुलांवर ते करू नका असं अंतरिम धोरण आणलं, २०२३ च्या शेवटी मार्गदर्शन बदलून दार किलकिलं केलं, आणि २०२४ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी खडसावल्यावर बंदी परत आली. व्यवसायाचं नियमन व्यवसायातल्याच लोकांवर सोडलं तर काय होतं, याचा हा नमुना.

आता भारत. तिथे कायरोप्रॅक्टिकसाठी वैधानिक परिषद नाही. २०२१ च्या नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याच्या यादीत फिजिओथेरपी आहे, ऑक्युपेशनल थेरपी आहे, कायरोप्रॅक्टिक नाही. म्हणजे पुण्यात पाटीवर कायरोप्रॅक्टर लिहिणाऱ्याला ना कुणी तपासत, ना त्याच्या चुकीची तक्रार 'कायरोप्रॅक्टर' म्हणून ऐकून घेणारं कुणी आहे. ग्राहक न्यायालय आणि पोलीस, तेवढेच. अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात पूर्ण पदवी घेऊन परत आलेले आणि पाच शनिवार-रविवार करून आलेले, दोघांची पाटी सारखी दिसते. चांगल्या लोकांचं यात सगळ्यात जास्त नुकसान होतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर क्रम असा ठेवा. एचसीपीसीचा अर्ज आधी. त्यासाठी बीपीटीचा सविस्तर अभ्यासक्रम, विषयवार तास आणि क्लिनिकल पोस्टिंगच्या नोंदी लागतील. कॉलेजकडून ते कागद काढायला वेळ लागतो, आजच मागा. सीपीडीची वही आत्तापासून सुरू करा, तारीख, काय शिकलो, कुणासोबत, कुठल्या रुग्णाच्या बाबतीत काय बदललं. महिन्यातून एकदा तीन-चार फिजिओ मित्र जमवून आपापल्या नोट्स वाचा. त्याला ना परिषद लागते, ना फी. कायरोप्रॅक्टिकची पदवी करायचीच असेल तर कॉलेजला एवढंच विचारा: शेवटच्या वर्षात मी स्वतः किती नवे रुग्ण पाहीन, आणि प्रत्येक वेळी खोलीत कोण असेल? उत्तर आकड्यात मिळालं नाही तर दुसरं कॉलेज बघा.

आणि सध्याच्या पाटीचं. तुमच्याकडे महाराष्ट्राच्या फिजिओथेरपी परिषदेची नोंदणी असेल तर 'फिजिओथेरपिस्ट' आणि खाली तो नोंदणी क्रमांक, एवढंच लिहा. ब्रिटनच्या अर्जात तुमचं पूर्वीचं काम विचारतात, तिथे इंटरनेटवर राहिलेली 'कायरोप्रॅक्टर' अशी जुनी जाहिरात समजावत बसायची वेळ तुमच्यावर येऊ नये.